गैबीच्या पिक्चरची तारीख

बाबालालनं गैबीच्या काखांत हात घालून त्याला उचललं आणि टांग्याच्या मागच्या बैठकीवर, घडी घातलेल्या वाकळेवर अलगद टेकवलं. लालबी दुसऱ्या बाजूनं चढली आणि नवऱ्याच्या पाठीला आपला खांदा लावून बसली. गैबीनं सकाळीच दाढी कोरून घेतली होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता, कानात अत्तराचा फाया होता. असा नटलेला माणूस आजारी आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण त्या सदऱ्याच्या आत माणूस किती उरला आहे, ते लालबीला ठाऊक होतं.

"घोडीला मारू नगंस," गैबी म्हणाला. "नुसती हाळी दे. कळतंय तिला."

"चाचा, तुमी गप बसा बघू," बाबालाल लगाम हातात घेत म्हणाला. "हीरोनं टांगेवाल्याला शिकवायचं नसतंय."

गैबी हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. लालबीनं त्याची पाठ चोळली. मागं गल्लीतले बाकीचे टांगेवाले जुम्म्याची नमाज उरकून उभेच होते. टांग्यांत बायकापोरं कोंबून बसली होती. कुणीतरी पुंगी वाजवली आणि ती सगळी वरात हंसमहाल टॉकीजच्या दिशेनं निघाली.

कोल्हापूरच्या टांगेवाल्याला अभिमानाला कारण लागत नाही, पण या गल्लीला ते सापडलं होतं. दोन वर्षांपूर्वी एक सिनेमाकंपनी पंचगंगेच्या घाटावर शूटिंगला आली होती. पिक्चरचं नाव 'सासरची वेस'. नायिका सासरी निघते, टांग्यात बसते, आणि टांगा घाट चढून दिसेनासा होतो, असा प्रसंग होता. टांगा भाड्यानं गैबीचा घेतला होता, हाकायला मात्र मुंबईचा नट. त्यानं लगाम धरला आणि घोडीनं नटासकट टांगा नदीत नेला. पाणी गुडघाभरच होतं, पण नट त्यानंतर काही टांग्यावर चढेना. मग डायरेक्टरनं गैबीच्याच डोक्याला मुंडासं बांधलं. नायिका माहेराकडं बघत रडायला लागली, तसा गैबी कुणी न सांगता बोलून गेला, "मागं बघू नगा ताई, घोडीचा पाय अडतोय." डायरेक्टर म्हणाला, हे वाक्य राहू द्या.

तेव्हापासून पिक्चरची वाट बघणं हा गल्लीचा धंदाच झाला. आधी ते सेन्सॉरला अडकलं. मग एक गाणं नव्यानं करायला घेतलं. मग म्हणे प्रती दोनच आहेत, एक पुण्यात अन् एक सोलापुरात. एवढ्यात गैबीनं अंथरूण धरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि लालबीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आता जे खावंसं वाटेल ते द्या. त्याला आता दोन सण होऊन गेले होते. डॉक्टरांचा अंदाज चुकला याचा गल्लीला फार आनंद झाला होता. आपला गैबी डॉक्टरांनाही पुरून उरला, असं सगळे म्हणत.

आणि गेल्या महिन्यात हंसमहालवर 'सासरची वेस'चं पोस्टर लागलं. खाली लाल अक्षरांची पट्टी होती. येत्या शुक्रवारी.

टांगे थिएटरसमोर थांबले तेव्हा मॅनेजर जोतीराम दारातच उभा होता. खरं तर तो आत पळायच्या बेतात होता, पण एवढ्या टांग्यांपुढं पळून जाणार कुठं? पोस्टर जागेवर होतं. पट्टीही होती, फक्त आता तिच्यावर दुसरी नवी पट्टी चिकटली होती आणि तिच्यावरही तेच लिहिलं होतं. शेजारी हिंदी पिक्चरचा भलामोठा बोर्ड तसाच होता. त्यातल्या हीरोच्या हातात बंदूक होती आणि तो महिनाभर लोकांवर ती रोखून उभा होता.

"परत न्हाई?" बाबालाल ओरडला. "अवो, काय चेष्टा लावलीया का मर्दानो? आजारी मानूस हाय आमचा!"

"माझ्या हातात काय हाय बाबालाल?" जोतीराम म्हणाला. "तारीख पुण्याला ठरतीया. तार येती, मी पट्टी चिकटवतो. पुढच्या शुक्रवारी नक्की."

"मागच्या खेपंलाबी नक्कीच हुतं की."

जोतीरामनं मान खाली घातली. गल्लीतल्या बायका कुजबुजू लागल्या. पोरं बोर्डावरच्या बंदुकीकडं बघत होती. तेवढ्यात टांग्यातून गैबीचा आवाज आला, बारीक पण खणखणीत.

"आता आलोच हाय तर बघूनच जाऊ की. रिकाम्या हातानं कशाला परतायचं?"

आणि सगळी गल्ली, आधीच्या शुक्रवारांसारखी, तिकिटाच्या खिडकीशी झुंबड करून उभी राहिली. जोतीरामनं आपल्या ऑफिसातली हाताची खुर्ची आणून शेवटच्या रांगेमागं गैबीसाठी ठेवली. गैबीनं मारामारीला शिट्टी मारायचा प्रयत्न केला. शिट्टी काही वाजली नाही, पण बाबालालनं त्याच्या वाटणीची मारली.

शनिवारपासून गैबी पुन्हा खचायला लागला. दर आठवड्याला हे असंच होई. रविवारी तो भिंतीकडं तोंड करून पडे, पेज अर्धी ठेवी. सोमवार-मंगळवारी त्याचा श्वास ऐकत लालबी चुलीपाशी बसून राही. बुधवारी तो कूस बदलून विचारी, "काय म्हनतोय म्यानेजर?" गुरुवारी आरसा मागे. शुक्रवारी अत्तराची बाटली. या बाटलीनं आणि आरशानं माणूस तरून राहिला आहे, असं लालबीला कधी वाटलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपला माणूस झिजत चालला आहे आणि पुण्यात बसलेले कोण कुठले लोक त्याच्या एवढ्याशा इच्छेची पट्टी वर वर चिकटवत चालले आहेत.

त्या मंगळवारी तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि एकटीच हंसमहालला गेली. दुपारचा खेळ चालू होता. आतून ढिश्युम ढिश्युम ऐकू येत होतं. जोतीराम ऑफिसात पंख्याखाली बसला होता. तिला बघून तो उठला आणि स्टूल पुढं केलं.

"बसायला न्हाई आलो," लालबी म्हणाली. "एक खरं सांगा भाऊ. ते पिक्चर लागनार हाय का न्हाई? नसलं लागत तर तसं सांगा. मी त्यास्नी काय बी सांगून टाकतो. पर असं रोज आशेवर नगा ठेवू."

जोतीराम माणूस वाईट नव्हता. थिएटरच्या मॅनेजरला जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं खोटं बोलावं लागतं, आणि त्याचा त्याला कंटाळा आला होता.

"लागनार हाय. रिळांची पेटी आलीया," तो म्हणाला. "आत खोलीत पडून हाय. पंधरवडा झाला."

"मग?"

"मग हे निघत न्हाई की." त्यानं भिंतीपलीकडच्या आवाजाकडं हात केला. "आमच्यात एक करार असतोय बघा. होल्ड ओव्हर म्हनत्यात त्याला. चालू पिक्चरचा आठवड्याचा गल्ला एका ठरल्या आकड्याच्या खाली आला, तरच ते काढायचं. वर राहिला, तर मालकाची मर्जी असू दे न्हाईतर देवाची, काढता येत न्हाई. ह्या हिंदीवाल्याचा दम कवाच संपलाय. दर आठवड्याला काठावर येतंय, आता पडतंय, आता पडतंय, असं हुतंय, आन् पडत न्हाई."

"का बरं?"

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"तुमची गल्ली येती की शुक्रवारी," तो म्हणाला.

लालबीला आधी काही उमगलंच नाही.

"आन् नुसती गल्ली न्हवं. तुमचे टांगेवाले स्टेशनवरून गिऱ्हाइकांची जी वर्दी उचलत्यात, ती समदी हितं आनून सोडत्यात. जयसिंगपूरचा व्यापारी येऊ दे, वाडीहून दर्शन करून आलेली मानसं येऊ देत, बावड्याच्या कारखान्यातली पाळी सुटलेली पोरं येऊ देत. चला पावणं, आमच्या गैबीचं पिक्चर लागलंय, म्हनत्यात. हितं आल्यावर त्यास्नी बोर्ड दिसतोय. पर आलोच हाय म्हनून तीबी आत जात्यात. त्यात गल्लीतली पोरं आठवड्यात परत दोनदा येत्यात, मारामारी आवडली म्हनून. तुमच्याच तिकिटावर हे तरंगतंय, लालबीबाई. मी कसं सांगू? गिऱ्हाइकाला येऊ नगा म्हनून सांगितलं तर मालक मला दारात उभं करनार न्हाई."

लालबी स्टुलावर बसली. तिला हसू आलं, आणि ते हसू कुठंतरी मधेच मोडलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या लोकांनी गैबीचं पिक्चर डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच ते पेटीत कोंडून ठेवलं होतं. प्रेमानं माणूस माणसाचं किती वाटोळं करतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

"म्हंजे आमीच," ती म्हणाली.

"ह्या शुक्रवारी येऊ नगा," जोतीराम खालच्या आवाजात म्हणाला. "टांगेवाल्यास्नीबी सांगा. ह्या आठवड्यात ते नक्की पडतंय. मग पुढच्या शुक्रवारी 'सासरची वेस'. माझा शब्द. पट्टी न्हवं, शब्द."

ती घरी आली ती जवळजवळ धावतच. गैबी भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिनं कारण काही सांगितलं नाही, गल्लीवर तो चिडेल म्हणून. एवढंच सांगितलं की ह्या शुक्रवारी जायचं नाही, पुढच्या शुक्रवारी आपलं पिक्चर लागतंय, पेटी येऊन पडली आहे, मॅनेजरनं शब्द दिला आहे.

गैबी वळला. "पेटी आली? डोळ्यानं बघितलीस?"

"बघितली न्हाई. पर आलीया."

लालबीला वाटलं, आता आरसा मागेल. पण त्यानं बाबालालला हाक मारायला सांगितलं.

बाबालाल येऊन उंबऱ्यावर बसला. गैबी त्याला म्हणाला की घोडी आता तुझीच समज, रिक्षावाल्यांच्या नादानं विकू मात्र नकोस, तिला उजव्या अंगानं जुंपत जा. बाबालाल काहीतरी थट्टेवारी न्यायला बघत होता, पण गैबीच्या तोंडाकडं बघून त्यानं नुसती मान हलवली. बुधवारी गैबीनं धाकट्या बहिणीला निरोप पाठवला की जुना अबोला संपव आणि भेटून जा. ती येऊन, रडून, जेवून गेली. गुरुवारी लालबीनं औषधाची बाटली पुढं केली, तर त्यानं हातानंच ती बाजूला सारली.

"ऱ्हाऊ दे. कडू लागतंय. आता काय, आठ दिसांचा तर प्रश्न हाय."

"आठ दिसांनी काय हुनार हाय?"

"पिक्चर बघनार की," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका शांत होता की लालबीला तो ओळखू येईना. "लई थकलोय गं मी. एवढं बघितलं की सुटलो. अब्बाच्या शेजारी कबरीची जागा हाय, चिंचंखाली. बाबालालला दावून ठेवलीया."

लालबीच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिची सासू अशीच गेली होती. हुबळीला दिलेली लेक येईपर्यंत म्हातारीनं सगळ्या गल्लीला जागं ठेवलं. लेक आली, म्हातारी तिच्या हातचा चहा प्याली, चहा गोड झालाय म्हणाली, आणि पेला ठेवायच्या आधी गेली. तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, बरं झालं, वाट बघणं सुटलं. लालबीही म्हणाली होती.

तिनं गैबीच्या पायाशी बसून त्याचे तळवे हातात घेतले. ते गार होते. गुरुवार होता आणि त्यानं आरसा मागितला नव्हता.

शुक्रवारी नमाज सुटली तशी लालबी स्टेशनवरच्या टांगा अड्ड्यावर गेली. बाई माणूस अड्ड्यावर सहसा येत नसे, म्हणून टांगेवाले उठून उभे राहिले. बाबालाल घोडीला चंदी घालत होता.

"चाची, काय झालं? चाचा...?"

"बरं हाय त्यास्नी. पडून हायती." तिनं पदर सावरला. "तुमी आज थेटरला जानार न्हाई?"

"कशाला? चाचाच म्हनाले की पुढच्या जुम्म्याला हाय म्हनून. तवा समदी जाऊ, वाजवत."

जोतीरामनं तिला जे करायला सांगितलं होतं, ते आपोआपच होत होतं. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं घरी परत जायचं होतं. मिरजेकडून गाडी आली. माणसं पिशव्या सांभाळत बाहेर यायला लागली, आणि टांगेवाले पुकारा करायला पुढं सरले. लालबीला वाटलं, आपण गैबीचा घात करतोय. दोन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो जीव धरून आहे, ती त्याच्या तोंडापासून ओढून घेतोय. त्याला विचारलं तर तो बघतो म्हणेल, आणि जातो म्हणेल. म्हणून तर त्याला विचारायचं नव्हतं.

"जायाचं हाय," ती म्हणाली. "आजबी."

"आज? आज तर ते हिंदीच हाय की चाची."

"असू दे. त्यास्नीच वाटतंय, जुम्म्याचा रिवाज मोडू नये म्हनून. गल्लीतल्या समद्यास्नी घ्या. आन् ही वर्दीबी तिकडंच न्या."

बाबालालनं खांदे उडवले. गैबीचा शब्द म्हटल्यावर अड्ड्यावर कुणी प्रश्न विचारत नसे. तो वळला आणि फलाटाकडून येणाऱ्या माणसांना त्याच्या त्या फाटक्या मोठ्या आवाजात हाका घालायला लागला.

तिकिटाच्या खिडकीपाशी आज लालबी सगळ्यांत पुढं उभी होती. जोतीराम गर्दी बघून आतून धावत आला. त्यानं बुकिंगवाल्याला बाजूला केलं आणि स्वतः खिडकीत वाकला.

"लालबीबाई, आज न्हवं!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी काय सांगितलं हुतं? अगदी काठावर आलंय. आजचा दिवस गेला की पडलं. ह्यास्नी परत न्या."

"म्हायती हाय मला."

"मग?"

"तिकिटं द्या भाऊ."

मागून लोक ढकलत होते. कुणीतरी ओरडलं, खेळ सुरू झाला, लवकर करा. लालबीनं जाळीचा गज धरून ठेवली होती आणि तिचे ओठ घट्ट मिटले होते.

"गैबी कसा हाय?" त्यानं विचारलं.

"हाय," लालबी म्हणाली.

जोतीरामनं तिकिटांचं बुक जवळ ओढलं आणि फाडायला सुरुवात केली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गैबी तसाच पडला होता. ती चुलीपाशी गेली, लाकडं पुढं सारली, फुंकर घातली. पाठमोरीच म्हणाली, "थेटरावर गेलतो. पिक्चर पुढं गेलं."

"काय?"

"पुढं गेलं. हिंदीवालं निघंना म्हनं. आनखी एक आठवडा."

मागं वाकळ खसखसली. तिनं वळून बघितलं तर गैबी कोपरावर उठला होता, कुणाच्या मदतीशिवाय, आणि त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली होती.

"शब्द दिलता ना त्या भाड्यानं!" तो ओरडला. खोकला आला, तो त्यानं गिळला आणि पुन्हा ओरडला. जोतीराम, जोतीरामचा मालक, पुण्याचे तार करणारे आणि त्या सगळ्यांच्या मागच्या पिढ्या त्यानं एकेक करून काढल्या. टांग्याच्या अड्ड्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाची ती शिवी होती. ऐकून शेजारची नजीरा दारात डोकावली आणि तोंडाला पदर लावून परत गेली.

दम लागला तेव्हा तो भिंतीला टेकून बसला. लालबी जवळ आली. त्यानं तिच्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला आणि अर्धा संपवला.

"आता कवाची तारीख म्हनतोय?"

"येत्या शुक्रवारी."

"बघतोच मी. स्वतः जातो. पट्टी कशी चिकटवतोय माझ्या तोंडावर, बघतोच." तो जरा थांबला. "काय केलंयस खायाला?"

"भाकरी थापतो. संगं काय देऊ?"

"कायबी दे. आन् ते औषध कुठं ठेवलंयस?"

लालबीनं बाटली आणून दिली. तो तोंड वाकडं करत औषध प्याला. ती परातीपुढं बसली, पीठ मळायला लागली, आणि तिला एकाएकी इतकं रडू यायला लागलं की पिठात पाणी घालायचं तिला सुचेना.

"रडतीस कशाला?" गैबी म्हणाला. "आठवडाभराचा तर प्रश्न हाय. लागंल की."

"व्हय," लालबी म्हणाली. तिनं मनगटानं डोळे पुसले आणि भाकरी तव्यावर टाकली.